नावानिशी आठवण

नैरोबीच्या मध्यभागी, रहदारीच्या रस्त्याला लागून एक युद्धस्मारक आहे. चौथऱ्यावर ब्राँझचे तीन पुरुष उभे आहेत: शस्त्रधारी शिपाई आणि त्यांच्या जोडीला ओझी वाहणारा हमाल. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत ब्रिटिशांच्या बाजूने मेलेल्या आफ्रिकी माणसांसाठी १९२०च्या दशकात ते उभारलं गेलं. खाली तीन भाषांत मजकूर कोरला आहे. हमाल हे सैन्याचे हात आणि पाय होते, असं त्यात म्हटलं आहे. शेवटी एक आश्वासन आहे: तुम्ही देशासाठी लढलात, तर मेल्यावरही तुमची मुलं तुमचं नाव लक्षात ठेवतील. मोंबासा आणि दार-ए-सलाम इथल्या स्मारकांवरही हेच शब्द आहेत. या तिन्ही स्मारकांवर मेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही.

नाव लक्षात राहील असं दगडावर कोरून घेणाऱ्यांना ती नावं कोरावीशी वाटली नाहीत. हे मला कळलं तेव्हापासून स्मारकांपुढची भाषणं, पुष्पचक्रं, मानवंदनेच्या फैरी यांकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. प्रत्येक वेळी मन विचारतं, हा सलाम नक्की कोणाला चालला आहे? 'सैनिक' नावाच्या कल्पनेला सलाम करणं सोपं असतं. कल्पनेला औषधपाणी लागत नाही, तिच्या आईला पत्र लिहावं लागत नाही, ती रात्री किंचाळत उठत नाही. माणसाचं तसं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की युद्धात मेलेल्यांचं स्मरण नावानिशी झालं पाहिजे, हुद्दा, वंश आणि काम न बघता, एकूण एक. आणि जे परत आले त्यांचा मानही नावानिशीच राखला पाहिजे, म्हणजे त्या त्या माणसाचं दुखणं आणि हक्क बघून. ठोक भावाने केलेला सन्मान मला सन्मान वाटत नाही.

साध्या शिपायाचं नाव लिहावं ही कल्पना तशी अलीकडची आहे. शतकानुशतकं विजयस्तंभांवर राजे आणि सेनापती झळकले. त्यांच्यासाठी मेलेले हजारो खिजगणतीतही नव्हते. १८१५ साली वॉटर्लूला पडलेल्यांना खड्ड्यांत ढकललं गेलं, आणि त्याआधी कित्येकांचे दात उपटून कवळ्या बनवणाऱ्यांना विकले गेले. मेलेला शिपाई म्हणजे उरलेला माल, इतकाच त्याचा हिशेब.

हे बदललं ते १९१४ नंतर, आणि त्याची सुरुवात एका माणसाच्या अस्वस्थतेतून झाली. फेबियन वेअर ४५ वर्षांचे होते. वयामुळे त्यांना सैन्यात घेतलं नाही, म्हणून रेड क्रॉसच्या एका फिरत्या तुकडीचे प्रमुख होऊन ते फ्रान्समध्ये गेले. घाईघाईत पुरलेल्यांच्या थडग्यांची कुठे नोंदच होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. लाकडी क्रूस पावसात कुजणार, पेन्सिलीची अक्षरं पुसली जाणार, मग या माणसाचा ठावठिकाणा कोणाला विचारायचा? त्यांची तुकडी थडगी शोधून नोंदवू लागली. त्यातून मे १९१७ मध्ये 'इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन' स्थापन झालं. तत्त्व असं ठरलं की प्रत्येक मृताचं नाव थडग्याच्या दगडावर किंवा स्मारकावर कोरलं जाईल, आणि हुद्दा किंवा धर्म यांवरून मानात फरक केला जाणार नाही. जनरल असो की खाणीतला पोरगा, दगड एकाच मापाचा.

आज हे स्वाभाविक वाटतं. तेव्हा त्यावर रण माजलं होतं. पैसेवाल्या घरांना आपल्या मुलाचा देह मायदेशी आणायचा होता. कमिशनने कोणालाच परवानगी दिली नाही. हजारो आयांनी दगडाऐवजी क्रूस मिळावा म्हणून अर्ज केले. मे १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत यावर कडाक्याची चर्चा झाली. देह आणू न देण्याची सक्ती मला आजही कठोर वाटते, आणि त्या आयांपुढे मी तिचं समर्थन करू शकलो नसतो. पण समानतेच्या बाबतीत कमिशनचं चुकलं नाही. श्रीमंतांचे मुलगे संगमरवरात आणि गरिबांचे मुलगे मातीत असं झालं असतं, तर युद्धानंतरही वर्गवारी थडग्यापर्यंत पोचली असती. दगडाच्या खालच्या भागात घरच्यांना स्वतःचे शब्द कोरून घेण्याची मुभा होती, मर्यादा ६६ अक्षरांची. आयुष्यभराचं दुःख ६६ अक्षरांत बसवायचं. सुरुवातीला त्यासाठी अक्षरागणिक पैसेही मागितले गेले, हा त्या उदात्त योजनेवरचा डाग आहे.

खरा डाग मात्र दूर इराकमध्ये होता. बसऱ्याचं स्मारक याच कमिशनने उभारलं, १९२९ साली. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांचं थडगं सापडत नाही अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी ते आहे आणि त्यांत मोठा भरणा भारतीयांचा आहे. तिथल्या फलकांवर ब्रिटिशांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत. भारतीय शिपायांचं काय? पलटणीचं नाव, त्याखाली अधिकाऱ्यांची नावं, आणि मग इतर मृतांची निव्वळ संख्या. ज्यांनी कूत शहराचा वेढा सोसला, तापाने आणि आमांशाने जे टाचा घासत मेले, ते सगळे एका आकड्यात कोंबले गेले.

नावं ठाऊक नव्हती म्हणावं तर तसंही नाही. भारतीय सैन्यातला प्रत्येक शिपाई पगारपत्रकावर होता, त्याच्या बापाचं आणि गावाचं नाव पलटणीच्या दफ्तरात होतं. आणि याच कमिशनने १९२७ साली फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं एकेक करून कोरली होती. तेच कमिशन, तेच सैन्य, तेच दशक. फ्रान्समध्ये युरोपची माणसं येऊन वाचणार होती. बसऱ्याच्या वाळवंटात वाचायला कोण येणार, असं कोणीतरी मनाशी धरलं असावं. तत्त्वाची कसोटी जिथे कोणी बघत नसताना लागते, तिथेच ते मोडलं.

पूर्व आफ्रिकेत तर आकडासुद्धा कोरला नाही. रस्ते नव्हते, जनावरं माशीच्या रोगाने मरत होती, म्हणून तोफगोळ्यांपासून पिठापर्यंत सगळं माणसांच्या डोक्यावरून गेलं. त्या हमालांपैकी असंख्य जण रोगाने, उपासमारीने, अतिश्रमाने मेले. त्यांच्या दफनभूमी रानाच्या हवाली केल्या गेल्या. 'कॅरिअर कोअर' या त्यांच्या दलाचं नाव तेवढं टिकलं, नैरोबीतल्या कारिओकोर आणि दार-ए-सलाममधल्या कारियाकू या वस्त्यांच्या रूपाने. दलाचं नाव वस्तीला मिळालं आणि माणसांचं नामोनिशाण उरलं नाही.

कमिशनच्याच समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे सगळं कबूल केलं. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने झालं नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावं कोरली गेली नाहीत किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही, असा तिचा निष्कर्ष होता. दुसरा आकडा ३,५०,००० पर्यंतही जाऊ शकतो, असंही तिने नोंदवलं. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितलेल्या माफीला काय अर्थ, असं विचारणारे भेटतात. माझ्या लेखी अर्थ आहे. त्या माफीबरोबर अभिलेखागारं उघडली गेली आणि नावं शोधायचं काम सुरू झालं. माफीचं वजन मी त्या कामावरून ठरवीन.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. 'अज्ञात सैनिका'च्या समाधीपुढे साऱ्या जगाचं डोकं झुकतं. मग नावाचा एवढा हट्ट कशाला? ती कल्पना कशी सुचली ते बघण्यासारखं आहे. डेव्हिड रेल्टन नावाचे लष्करी धर्मगुरू १९१६ मध्ये आघाडीवरून एका घरी मुक्कामाला आले. घराच्या बागेत त्यांना एक साधा लाकडी क्रूस दिसला, त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: एक अज्ञात ब्रिटिश सैनिक. त्यांनी पुढे ही कल्पना मांडली, आणि ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, आणि जानेवारी १९२१ मध्ये पॅरिसमध्ये विजयकमानीखाली, एकेका अनोळखी सैनिकाला राजाच्या मानाने समाधी मिळाली. अ‍ॅबीतल्या फरशीवर कितीतरी राजेरजवाडे पायाखाली तुडवले जातात. या एका दगडावर कोणी पाय देत नाही. ज्या आईला मुलाचं बोटभर हाडही मिळालं नव्हतं, तिला तिथे उभं राहून 'हा माझाच असेल' असं म्हणता आलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या समाधीपुढे मनापासून वाकतो.

पण ती ज्यांचं नाव शोधूनही सापडलं नाही त्यांच्यासाठी आहे. ज्यांचं नाव कोणी शोधलंच नाही, त्यांची तिच्या आड बोळवण करता येत नाही. हा फरक अमेरिकेत एका प्रसंगाने फार स्पष्ट झाला. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतल्या अज्ञातांच्या समाधीत १९८४ साली व्हिएतनाम युद्धातला एक अनोळखी सैनिक पुरला. अवशेष म्हणजे मोजकी हाडं. १९९८ मध्ये घरच्यांच्या आग्रहाने ती बाहेर काढून डीएनए चाचणी केली, आणि तो १९७२ साली विमान पाडलं गेलेला मायकेल ब्लासी हा वैमानिक निघाला. राष्ट्राच्या पूजेचं स्थान आईच्या मागणीसाठी उकरावं का, यावर वाद झाला होता. उकरलं ते बरोबरच केलं. ब्लासीला त्याच्या नावाच्या दगडाखाली सेंट लुईसच्या लष्करी दफनभूमीत पुरलं, आणि आर्लिंग्टनमधली ती जागा तेव्हापासून रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेचा मान कणभरही कमी झालेला नाही.

बेल्जियममधल्या ईपर गावात मेनिन गेट या स्मारककमानीवर पहिल्या महायुद्धातल्या ५४,००० हून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं आहेत. तिथे १९२९ पासून रोज संध्याकाळी आठ वाजता बिगूल वाजतो; दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा होता तेवढाच खंड पडला. आजही नांगराखाली किंवा पाया खणताना हाडं निघतात. त्यांतलं कोणी ओळखू आलं की त्याला त्याचं थडगं मिळतं, आणि गेटवरचं त्याचं नाव यथावकाश काढलं जातं. तो आता बेपत्ता राहिलेला नसतो. स्मारकावरून नाव पुसलं जाणं ही आनंदाची बातमी ठरते, असं जगात दुसरं ठिकाण माझ्या तरी माहितीत नाही.

आता जिवंतांकडे येतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे. मेलेला सैनिक काही मागत नाही. परत आलेला मागतो, आणि मागू लागला की गौरवाची भाषा झपाट्याने आटते.

ज्या सेंट लुईसमध्ये ब्लासीला त्याचं नाव परत मिळालं, त्याच शहराजवळच्या लष्करी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली होती. १ कोटी ६० लाखांहून अधिक सेवापुस्तिका जळाल्या. दुसरी प्रत नव्हती. दोन महायुद्धं आणि कोरियाचं युद्ध लढलेल्या असंख्य माणसांच्या नोकरीचा, जखमांचा, पदकांचा पुरावा एका आगीत गेला. त्यानंतर वर्षानुवर्षं त्या म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या विधवांना आपण खरंच लढलो, खरंच जखमी झालो हे जुन्या पगारपावत्या आणि इस्पितळांच्या नोंदी गोळा करून सिद्ध करावं लागलं. आग हा अपघात होता. पुराव्याचा भार सैनिकाच्या डोक्यावर ठेवणं हा निर्णय होता. सरकारच्या दफ्तरातला कागद जळाला तर त्याची झळ सरकारने सोसायची, की त्या कागदावर ज्याचं नाव होतं त्याने?

हेच 'एजंट ऑरेंज'च्या बाबतीत झालं. व्हिएतनामच्या जंगलांची पानं झडावीत म्हणून अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात तणनाशकं फवारली. परतलेल्या सैनिकांमध्ये कर्करोग आणि त्वचेचे विकार दिसू लागले, तेव्हा प्रत्येकाला सांगितलं गेलं की तुमचा आजार त्या फवारणीनेच झाला हे दाखवा. अमुक दिवशी अमुक झाडीत हवेत काय होतं, हे साध्या शिपायाने कुठून दाखवायचं? ठरावीक आजार झाले तर ते सेवेमुळेच झाले असं गृहीत धरणारा व्यापक कायदा १९९१ मध्ये आला. फवारणी थांबून २० वर्षं झाली होती आणि वाट बघता बघता कितीजण गेले होते. (ज्यांच्या डोक्यावर ते विष प्रत्यक्ष ओतलं गेलं, त्या व्हिएतनामी माणसांना तर हा कायदाही लागू नाही.) एका हाडाच्या तुकड्यावरून मृताची ओळख पटवायला राष्ट्र प्रयोगशाळा उभारतं. तीच चिकाटी जिवंत माणसाच्या फुप्फुसासाठी का दाखवता येत नाही?

आणि १९३२ चा उन्हाळा. पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकांना बोनस देण्याचा कायदा १९२४ मध्ये झाला होता, पण हातात पडले ते कागद, पैसे १९४५ मध्ये मिळणार होते. महामंदीत घरदार गेलेले सुमारे २०,००० माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला आले आणि नदीकाठी झोपड्या बांधून राहिले. आमचेच पैसे आत्ता द्या, एवढंच मागणं. सिनेटने नकार दिला. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, आणि नंतर डग्लस मॅकआर्थर यांच्या हुकमतीखाली घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून सैन्याने ती वस्ती रिकामी केली आणि झोपड्या जळाल्या. सैन्याने माजी सैनिकांवर चाल केली. मेलेल्यांपैकी विल्यम हुश्का हा लिथुआनियातून आलेला स्थलांतरित होता. त्याला आर्लिंग्टनच्या दफनभूमीत लष्करी इतमामाने पुरलं. जिवंतपणी त्याला त्याच्या हक्काचे पैसे नाकारले आणि मेल्यावर सलामी दिली, इतक्या थोड्या दिवसांच्या अंतराने. पैसे शेवटी १९३६ मध्ये दिले गेले. १९४४ मध्ये पुढच्या युद्धातून परतणाऱ्यांसाठी शिक्षण आणि घरकर्जाचा जो कायदा झाला, त्यामागे या लाजिरवाण्या उन्हाळ्याची आठवण होती. तोही सगळ्यांना सारखा मिळाला नाही. काळ्या सैनिकांना बँकांनी आणि विद्यापीठांनी दारातूनच परत पाठवलं.

माजी सैनिकांचे लाड होतात, तिजोरीवर ताण येतो, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की हा खर्च शांततेचा नाहीच. तो युद्धाचाच खर्च आहे, फक्त उशिरा येतो. १९ वर्षांच्या मुलाला आघाडीवर पाठवतो तेव्हा त्याच्या साठाव्या वर्षाच्या गुडघ्याचा, झोपेचा आणि फुप्फुसाचा खर्चही आपण मंजूर केलेला असतो. तो भरताना उपकाराची भाषा करायची नाही.

मग स्मारकावर नाव कोणाचं घ्यायचं? वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाचा मी या दृष्टीने फार वेळा विचार करत आलो. १९८२ साली झालेली काळ्या ग्रॅनाइटची भिंत, माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या आराखड्यातून उभी राहिलेली. ५८,००० हून अधिक नावं, हुद्दा नाही, क्रम अकारविल्हे नाही. जो ज्या दिवशी पडला त्या क्रमाने. त्यामुळे एकाच चकमकीत गेलेले शेजारी शेजारी राहतात, आणि वाचलेल्या सोबत्याला आपला तो दिवस भिंतीवर सापडतो. लोक नावावर कागद धरून वरून पेन्सिल घासतात. अक्षरं हळूहळू उमटतात, आणि चकचकीत दगडात नाव शोधणाऱ्याचा चेहरा त्या नावांवर पडतो. भिंतीवर पुतळा नाही, घोडा नाही, तलवार नाही. सुरुवातीला पुष्कळ माजी सैनिकांनीच तिला नावं ठेवली. आज तेच तिथे रडायला जातात.

पण या भिंतीवरही जागा नसलेले आहेत. घरी परतल्यावर 'एजंट ऑरेंज'ने कर्करोग होऊन जे गेले, रात्रीच्या भीतीला कंटाळून ज्यांनी स्वतःला संपवलं, त्यांची नावं नियमात बसत नाहीत. त्यांच्यासाठी २००४ मध्ये जवळच जमिनीत एक फलक बसवला गेला, बिननावाचा. नियम कुठेतरी लावावा लागतो हे मला कळतं. तरी युद्ध ज्या तारखेला थांबलं असं कागदावर लिहितात, त्या तारखेला ते माणसाच्या अंगात थांबत नाही. उशिरा मेलेल्यांचीही यादी ठेवली पाहिजे, भिंतीवर नसेल तर दुसरीकडे, पण नावानिशी.

याहून अवघड प्रश्न भ्याड ठरवलेल्यांचा. पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच माणसांना पहाटे खांबाला बांधून गोळ्या घातल्या. २००६ मध्ये त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या स्मृतिवनात त्यांचं स्मारक आहे: डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या, हात मागे जखडलेल्या एका पोराचा पुतळा आणि त्याच्या मागे अर्धवर्तुळात लाकडी खांब, प्रत्येकावर एक नाव. तो पुतळा हर्बर्ट बर्डनवरून घडवला आहे. १९१५ साली त्याला मारलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. म्हणजे आघाडीवर पाठवण्याच्या वयाचाही नव्हता. जे लढता लढता मेले त्यांच्या पंक्तीला यांना बसवणं हा शूरांचा अपमान आहे, असं काही जण म्हणतात. तोफांच्या माऱ्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाचं मन कधी मोडेल हे शौर्यावर ठरत नाही, हे आज वैद्यकाला ठाऊक आहे. शिवाय नाव कोरणं म्हणजे पदक देणं नव्हे. हा माणूस होता, आपण त्याला तिथे पाठवलं आणि तो परत आला नाही, इतकी कबुली त्यात असते. ती कबुली ३०६ जणांनाही देणं लागतो.

माझ्या या आग्रहाला एक ठिकाण मात्र अडवतं. टोकियोच्या यासुकुनी मंदिरात जपानच्या सुमारे २५ लाख युद्धमृतांची नावं नोंदलेली आहेत, सगळी नावानिशीच. १९७८ मध्ये त्यांत १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांची नावं घातली गेली. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तिथे पुन्हा गेले नाहीत. त्याच नोंदीत वीस हजारांहून अधिक कोरियन माणसं आहेत, वसाहतीच्या काळात जपानी सैन्यात ओढली गेलेली. त्यांतल्या काहींच्या घरच्यांनी अर्ज केले, खटले भरले: आमच्या माणसाचं नाव तुमच्या देवस्थानातून काढा. मंदिराचं म्हणणं, एकदा एकरूप झालेला आत्मा वेगळा काढता येत नाही.

म्हणजे नाव लिहिणं हाही कब्जा असू शकतो. मी यावर बरंच घुटमळलो. मला वाटतं, नाव हे आधी त्या माणसाचं, मग घरच्यांचं, आणि सगळ्यांत शेवटी राष्ट्राचं. रशियात २०१२ साली तोम्स्क शहरातल्या काही पत्रकारांनी सुरू केलेला उपक्रम आठवतो. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपापल्या आजोबा-पणजोबांचे फोटो हातात घेऊन लोकांनी मूकपणे चालायचं, पक्षाचा झेंडा नाही, भाषण नाही. 'अमर पलटण' हे त्याचं नाव. काही वर्षांत सरकारने ती ताब्यात घेतली आणि आजोबांच्या फोटोंमागे नव्या युद्धाच्या घोषणा उभ्या राहिल्या. मेलेल्यांची नावं पुढच्या मुलांना मारण्यासाठी वापरली जातात, तेव्हा त्या मेलेल्यांशी दगा होतो. युद्धाबद्दलचं माझं मत काही असो, स्मारकाच्या पायरीवरून कोणी मत मागू लागला की मी तिथून उठतो.

घरच्यांचं दुःख कसं दिसतं हे बघायचं असेल तर बेल्जियममधल्या व्लाड्स्लो इथल्या जर्मन दफनभूमीत दोन पुतळे आहेत. केथे कोलवित्झ या शिल्पकार बाईंचा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये मारला गेला, १८ वर्षांचा होता. तो लहान होता म्हणून सैन्यात जायला वडिलांची परवानगी लागणार होती. वडील तयार नव्हते, आणि आईनेच मध्यस्थी करून ती मिळवून दिली होती. त्यानंतर त्या बाई त्याच्या स्मारकावर जवळजवळ १८ वर्षं काम करत राहिल्या, म्हणजे मुलगा जितका जगला तितकीच. आधी त्यात मुलाची आकृती होती, ती त्यांनी काढून टाकली. उरले आई आणि बाप. दोघं गुडघ्यांवर, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, एकमेकांना न बिलगता. बापाने स्वतःच्याच अंगाभोवती हात घट्ट आवळले आहेत. आई पुढे वाकली आहे. त्यांच्यासमोर जमिनीवर सपाट दगड आहेत, प्रत्येकावर नावांची यादी, आणि त्यांतल्या एकावर पीटरचं नाव आहे. हरलेल्या बाजूचा हा सैनिक. तिथे उभं राहून बाजू कोणती होती हे विचारायची हिंमत कोणाला होईल?

ओकिनावा बेटावर १९९५ पासून एक स्मारक आहे जिथे दोन्ही बाजू एकत्र आहेत: जपानी सैनिक, अमेरिकन सैनिक, आणि १९४५ च्या लढाईत सापडून मेलेले बेटावरचे सामान्य लोक, २,४०,००० हून अधिक नावं. काही कोरियन घरांनी तिथेही आपलं नाव नको म्हटलं, आणि नाव लिहिताना घरच्यांचा शब्द मानला गेला. दर जूनमध्ये नव्याने कळलेली नावं भिंतीत भरली जातात.

आणि जानेवारी २०२५ मध्ये केपटाऊनच्या जुन्या बागेत एक नवं स्मारक उघडलं, पहिल्या महायुद्धात आफ्रिकेतच मेलेल्या, बहुतांश काळ्या, दक्षिण आफ्रिकी कामगारांसाठी. १,७०० हून अधिक माणसं, जी बंदूक न घेता ओझी वाहत, रस्ते बांधत मेली आणि ज्यांचं कुठेच थडगं नव्हतं. तिथे पुतळा नाही आणि आश्वासनही कोरलेलं नाही. आफ्रिकेतल्याच इरोको लाकडाचे खांब रांगेने उभे केले आहेत, प्रत्येक माणसामागे एक. खांबावर त्या माणसाचं नाव आहे आणि तो गेला ती तारीख आहे.